ओटावाची सही पुसली जाते तेव्हा

डिसेंबर 2025 च्या अखेरच्या आठवड्यात, नाताळच्या घंटांचा नाद अजून पुरता विरला नव्हता तोच, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया ही बाल्टिक समुद्राकाठची तीन छोटी राष्ट्रे एका आंतरराष्ट्रीय करारातून विधिवत बाहेर पडली. जानेवारी 2026 मध्ये फिनलंड त्यांच्या मागोमाग गेला आणि फेब्रुवारीत पोलंड. हा करार जकातीचा नव्हता की मासेमारीच्या हद्दीचा नव्हता. माणसाच्या पायाचा भार पडताच फुटणारे भूसुरुंग आम्ही कोणत्याही परिस्थितीत वापरणार नाही, बनविणार नाही, साठविणार नाही आणि दुसऱ्या कोणास देणार नाही, असे वचन राष्ट्रांनी परस्परांना दिले होते. कॅनडाच्या राजधानीत त्यावर सह्या झाल्या, म्हणून तो ओटावा करार या नावाने ओळखला जातो.

बाहेर पडलेल्या पाच राष्ट्रांपैकी पोलंड आणि लिथुआनिया ही बहुसंख्य कॅथलिक राष्ट्रे आहेत. त्यांतले पोलंड तर पोप जॉन पॉल दुसरे यांची जन्मभूमी. त्यांच्याच कारकिर्दीत पवित्र पीठाने म्हणजे व्हॅटिकनने या करारावर सही केली आणि फेब्रुवारी 1998 मध्ये त्यास अंतिम संमती दिली. तेव्हा तेथील श्रद्धावंत जनतेच्या सरकारांनी हे पाऊल का उचलले, हा प्रश्न आम्हांस दूरच्या देशाची बातमी म्हणून सोडून देता येत नाही. राष्ट्रे एकमेकांना वचन देतात ते कशाच्या बळावर, ते पाळतात किती काळ आणि मोडतात केव्हा, हे समजून घ्यायला ओटावा करारासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रात 'भूसुरुंग' हा शब्द उच्चारला की गडचिरोली आठवते. 1 मे 2019 रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेडा येथे नक्षलवाद्यांनी घडविलेल्या स्फोटात पंधरा पोलीस जवान व त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले होते. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. दूर दबा धरून बसलेला माणूस कळ दाबतो आणि स्फोट होतो, असा सुरुंग ओटावा कराराच्या कक्षेत येत नाही. कराराने बंदी घातली ती अशा सुरुंगांवर, ज्यांची कळ बळी पडणारा स्वतःच्याच पायाने दाबतो. रणगाड्याच्या वजनाने फुटणारे सुरुंगही कराराबाहेर आहेत. बंदी आहे ती व्यक्तिविरोधी सुरुंगांवर. पाय सैनिकाचा आहे की सरपण गोळा करणाऱ्या बाईचा, हे त्यांना कळत नाही. तह झाला, सैन्ये माघारी गेली, झेंडे बदलले, तरी ते जमिनीत जागे राहतात. या शस्त्राला वेगळा न्याय लावण्याचे कारण हेच.

कराराचा जन्मही नेहमीच्या वाटेने झाला नाही. निःशस्त्रीकरणाच्या जिनिव्हातील वाटाघाटी सर्वसंमतीच्या तत्त्वावर चालतात. म्हणजे एका राष्ट्राने मान हलवली तरी गाडे अडते. भूसुरुंगांविषयी तेथे मे 1996 मध्ये जे हाती लागले, ते नियम होते, बंदी नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी ओटावा येथील परिषदेच्या समारोपात एक अनपेक्षित आव्हान दिले: वर्षभरात पूर्ण बंदीचा करार तयार करू आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावे, सही करावी. मुत्सद्द्यांच्या जगात असे बोलण्याची रीत नाही. कॅनडाच्या काही मित्रराष्ट्रांनाही ते रुचले नाही. पण सप्टेंबर 1997 मध्ये ऑस्लो येथे मसुदा संमत झाला, 3 व 4 डिसेंबर रोजी ओटावात 122 राष्ट्रांनी सह्या केल्या आणि 1 मार्च 1999 पासून करार अंमलात आला. त्याच्या 19 व्या कलमानुसार कोणत्याही राष्ट्राला एखादी अट वगळून सही करता येत नाही. घ्यायचा तर संपूर्ण करार घ्यायचा.

ऑस्लोमध्ये अमेरिकेने कोरियन द्वीपकल्पापुरती सवलत मागितली होती. उत्तर व दक्षिण कोरियांमधल्या सीमेवर सुरुंगांची तटबंदी आहे, तेथे अमेरिकी सैनिक आहेत, ती तटबंदी हटवता येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्र सही करील तर कराराचे वजन वाढेल, हे सर्वांना कळत होते. तरीही परिषदेने सवलत नाकारली आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी अमेरिका सही करणार नाही असे जाहीर केले. मोठ्या राष्ट्राला सामावून घेण्यासाठी नियमाला भोक पाडायचे, की नियम अखंड ठेवून मोठ्या राष्ट्राला बाहेर राहू द्यायचे, हा पेच प्रत्येक बहुपक्षीय कराराला कधी ना कधी पडतो. ऑस्लोने दुसरी वाट धरली. आमच्या मते ती योग्य होती. एकाला कोरिया दिला असता तर दुसऱ्याने काश्मीर मागितले असते आणि तिसऱ्याने गोलान टेकड्या.

सरकारांच्या मागे उभे होते साधे लोक. 1992 मध्ये सहा स्वयंसेवी संघटनांनी एकत्र येऊन भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली होती. तिला व तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना 1997 चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ऑस्लोच्या व्यासपीठावर मोहिमेच्या वतीने ते पारितोषिक स्वीकारण्यासाठी चाकाच्या खुर्चीतून एक गृहस्थ आले, ते कंबोडियाचे तुन चन्नारेथ. सुरुंगाने त्यांचे दोन्ही पाय नेले होते. येशूसंघीय निर्वासित सेवेबरोबर ते आपल्यासारख्याच पीडितांसाठी चाकाच्या खुर्च्या तयार करीत. 'मर्सी' संघाच्या ऑस्ट्रेलियन धर्मभगिनी सिस्टर डेनिस कॉघलन यांनीही कंबोडियात राहून या मोहिमेसाठी आयुष्य वेचले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लौदाते देउम' या उद्बोधनात ओटावाचे उदाहरण मुद्दाम दिले आहे, हे अनेकांच्या नजरेतून निसटले असावे. ते पत्र मुख्यतः हवामानबदलावर आहे. परंतु राष्ट्रांचे सहकार्य वरून थंडावते तेव्हा नागरी समाज त्यास खालून चालना देऊ शकतो, संयुक्त राष्ट्रसंघाला जे साधत नाही तेही घडवून आणू शकतो, हे सांगताना त्यांना भूसुरुंगबंदीच आठवली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. व्हॅटिकनला ही सही करणे सोपे होते. ज्या राज्याची सीमा तासाभरात पायी फिरून होते आणि ज्याचे सैन्य म्हणजे भालाधारी स्विस पहारेकरी, त्याला सुरुंगांचा त्याग करण्यात काय गमवावे लागले? पवित्र पीठाचे राजनैतिक बळ नैतिक आहे, आणि नैतिक बळ खर्च होताना दिसत नाही. म्हणून पोलंडच्या सरकारला उपदेश करताना आपण जरा जपूनच बोलावे.

हाच निकष इतरांना लावून पाहिला की चित्र स्पष्ट होते. 1997 मध्ये पुढाकार घेणारे देश कोणते? कॅनडा, नॉर्वे, ऑस्ट्रिया, बेल्जियम, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. यांपैकी बहुतेकांच्या उंबरठ्यावर त्या काळी शत्रू उभा नव्हता. मूल्यांसाठी त्यांना मोठी किंमत द्यावी लागली नाही. सहीपासून दूर राहिले ते अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान, इस्राएल, इराण आणि दोन्ही कोरिया. एकतर मोठी सैन्ये बाळगणारे किंवा पेटत्या सीमा असणारे. एवढ्यावरून कोणी म्हणेल की मूल्ये ही सुरक्षित राष्ट्रांची चैन आहे. पण मग मोझांबिकचे काय? अंगोला व कंबोडियाचे काय? तेथे शेताच्या बांधाबांधावर सुरुंग होते. सुरुंग तीन डॉलरला मिळतो आणि तो काढायला शेकडो डॉलर पडतात. करारात आल्यामुळे दात्या राष्ट्रांचा पैसा व तज्ज्ञ मिळाले, कारण करार पीडितांना मदत करण्याचे व दहा वर्षांच्या मुदतीत जमीन साफ करण्याचे बंधन घालतो. मोझांबिकने सप्टेंबर 2015 मध्ये आपला देश ज्ञात सुरुंगक्षेत्रांतून मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने राष्ट्रहित आणि मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. राष्ट्रहित म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या फायलीत लिहिलेले असते तेवढेच, असे मानण्याची जी सवय आम्हां विश्लेषकांना जडली आहे, ती येथे उघडी पडते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारताने ओटावावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत या कराराच्या समर्थनार्थ दरवर्षी ठराव येतो आणि त्यावर भारत वर्षानुवर्षे तटस्थ राहिला आहे. विरोधातही नाही आणि बाजूनेही नाही. सुरुंगमुक्त जग हे ध्येय आम्हांस मान्य आहे, मात्र दीर्घ व अशांत सीमांच्या रक्षणात सुरुंगांचे काम करणारा दुसरा स्वस्त उपाय मिळेपर्यंत ते सोडता येणार नाहीत, अशी आपली अधिकृत भूमिका आहे. त्याच वेळी भारत 1996 च्या जिनिव्हा नियमांना बांधील आहे. धातुशोधकाला सापडणार नाही असा सुरुंग वापरायचा नाही, सुरुंगक्षेत्राला कुंपण घालायचे, खुणा करायच्या, नकाशा ठेवायचा, असे ते नियम आहेत. सुरुंग निर्यात न करण्याचे बंधनही भारताने स्वतःवर घालून घेतले आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सैन्याच्या अभियंता दलातून निवृत्त झाले आहेत. दर रविवारी मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारात भेटतात. पाच राष्ट्रे बाहेर पडल्याचा विषय आम्हीच काढला. ते शांतपणे म्हणाले, "फादर, तुम्ही पुस्तकातून बोलता. मी 2002 मध्ये राजस्थानात होतो." 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर भारताने पश्चिम सीमेवर प्रचंड सैन्य उभे केले. 'ऑपरेशन पराक्रम' हे त्या मोहिमेचे नाव. पंजाब, राजस्थान व जम्मू या भागांत सीमेलगत मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. युद्ध झाले नाही आणि ऑक्टोबर 2002 पासून सैन्य माघारी येऊ लागले, पण पेरलेले काढण्याचे काम पुढे बरेच लांबले. ज्या शेतांत ते पेरले गेले ती आपल्याच शेतकऱ्यांची होती आणि अपघात झाले ते आपल्याच सैनिकांना, शेतकऱ्यांना व गुराढोरांना. "वाळू सरकते, फादर," ते म्हणाले. "नकाशावर एक जागा असते, सुरुंग दुसरीकडे असतो." तरीही भारताने सही करावी का, असे विचारता त्यांनी ठाम नकार दिला. समोरचा सही करीत नाही तोवर आपल्या पोरांच्या हातातले हत्यार काढून घेऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे.

हा युक्तिवाद आम्हांस हलका वाटत नाही, कारण हेलसिंकी, वॉर्सा आणि व्हिल्नियस येथेही नेमका हाच मांडला गेला.

फिनलंडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. रशियाशी त्याची सीमा 1,300 किलोमीटरहून अधिक लांबीची. म्हणूनच 1997 मध्ये त्याने सही केली नव्हती. पुढे युरोपीय संघातील जवळजवळ सर्व राष्ट्रे करारात आली, शेजारी स्वीडन व नॉर्वे आधीच आत होते, आणि सुसंस्कृत राष्ट्रांच्या पंगतीत एकट्याने बाहेर बसणे फिनलंडला अवघडल्यासारखे होऊ लागले. 2012 मध्ये तो करारात आला आणि त्याने सुमारे दहा लाख सुरुंग नष्ट केले. मित्रांच्या पंगतीचे दडपण कधी कधी उपदेशाहून अधिक काम करते, हे मुत्सद्देगिरीच्या पाठ्यपुस्तकांत फारसे लिहिलेले नसते. मग फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पंगत तीच राहिली, भीती मात्र बदलली. जून 2025 मध्ये फिनलंडच्या संसदेने 157 विरुद्ध 18 मतांनी करार सोडण्याचा निर्णय घेतला.

लिथुआनियाची भीती समजण्यासाठी 1993 सालाकडे पाहावे. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी शेवटची रशियन तुकडी त्या देशातून निघून गेली आणि अवघ्या काही दिवसांत पोप जॉन पॉल दुसरे तेथे पोहोचले. अर्ध्या शतकाची पारतंत्र्याची आठवण असणाऱ्या या लोकांनी मार्च 2025 मध्ये शेजाऱ्यांबरोबर संयुक्त निवेदन काढले आणि सुरक्षेची परिस्थिती मुळापासून बदलली असल्याने हात मोकळे ठेवणे भाग आहे, असे कळविले. लिथुआनियाने तर त्याच महिन्यात क्लस्टर बॉम्बच्या बंदीचा करारही सोडला. रशिया कधीच ओटावात नव्हता आणि युक्रेनमध्ये त्याने सुरुंगांचा अमर्याद वापर केला आहे. अशा शेजाऱ्यापुढे एकतर्फी संयम बाळगणे म्हणजे आत्मघात, असे त्यांना वाटले तर त्यांना अधर्मी ठरविण्याचा अधिकार वसईत किंवा पुण्यात सुरक्षित बसलेल्या आम्हांस नाही.

परंतु एक देश असा आहे की ज्याच्यामुळे हा युक्तिवाद पुरा होत नाही. नॉर्वेची सीमाही रशियाला भिडते. ती सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे फिनलंडच्या मानाने थोडीच, हे खरे. पण एस्टोनियाच्या रशियालगतच्या सीमेहून ती फारशी लहान नाही. नॉर्वे करारातच राहिला. परराष्ट्रमंत्री एस्पेन बार्थ आयदे यांनी दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे: आपणच बांधिलकी सैल केली, तर जगात कुठेही लढणाऱ्यांना हे शस्त्र पुन्हा हाती घेणे सोपे होईल. छोट्या राष्ट्राचे खरे कुंपण नियम हेच असते. बलवान राष्ट्र नियमांवाचून जगू शकते. दुर्बलाला त्यांची गरज असते. नॉर्वे दुर्बल नव्हे, श्रीमंत आहे आणि नाटोत आहे. पण मग फिनलंडही 2023 पासून नाटोत आहे आणि उरलेली चारही राष्ट्रे त्याआधीपासून. म्हणजे भूगोलाने सगळा निर्णय होत नाही. सारख्याच धोक्यापुढे दोन शेजारी दोन वेगळी उत्तरे देतात, तेथे मूल्यांचा भाग सुरू होतो.

करारातील 20 वे कलम येथे वाचनीय आहे. ते राष्ट्राला बाहेर पडण्याचा अधिकार देते, मात्र सूचना दिल्यावर सहा महिने थांबावे लागते. आणि ते सहा महिने संपताना ते राष्ट्र सशस्त्र संघर्षात गुंतलेले असेल, तर संघर्ष संपेपर्यंत त्याला बाहेर पडता येत नाही. करारकर्त्यांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता. वचन मोडण्याची इच्छा नेमकी युद्धातच होते, म्हणून त्यांनी युद्धात दार लावून घेतले. युक्रेन या कलमात अडकला. 2005 मध्ये करारात आलेल्या या देशाने जुलै 2025 मध्ये कराराची अंमलबजावणी 'स्थगित' करीत असल्याचे कळविले. करारात स्थगितीची तरतूद नाही. त्याआधी, नोव्हेंबर 2024 मध्ये, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडन यांनी युक्रेनला व्यक्तिविरोधी सुरुंग देण्यास मंजुरी दिली होती; त्याच बायडन यांनी 2022 मध्ये कोरियाबाहेर हे शस्त्र वापरायचे नाही व दुसऱ्यास द्यायचे नाही, असे धोरण जाहीर केले होते. आक्रमण झेलणाऱ्या देशाविषयी कठोर शब्द काढताना लेखणी अडखळते. तरी युक्रेनच्या शेतांत आज जे पेरले जात आहे, त्याची कापणी कोण करणार हे कंबोडियाने पाहिलेले आहे.

आणि कंबोडियातही गोष्ट संपलेली नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सिएम रीप येथे कराराची पाचवी आढावा परिषद थाटात झाली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने परकीय मदत रोखली आणि तेथील सुरुंग काढणाऱ्या पथकांचे काम काही काळ बंद पडले. अमेरिका करारात नसूनही 1993 पासून या कामासाठी सर्वाधिक पैसा देणारे राष्ट्र तीच आहे, हे येथे न विसरता सांगितले पाहिजे. ती पोकळी दिसताच चीनने मदत देऊ केली. चीनही करारात नाही. पुढे जुलै 2025 मध्ये सीमेवर थायलंडचे सैनिक सुरुंगांनी जायबंदी झाले. हे सुरुंग नवे पेरलेले आहेत असा आरोप थायलंडने केला, कंबोडियाने तो नाकारला, आणि त्याच महिन्यात दोन्ही देशांत लढाई जुंपली. दोघेही ओटावाचे सदस्य. सही न करणाऱ्यांनी सुरुंग काढायला पैसे द्यावेत आणि सही करणाऱ्यांनी ते पेरल्याचा आरोप एकमेकांवर करावा, अशी ही विपरीत स्थिती.

मग ह्या कराराने साधले काय, असे कोणी विचारील. सदस्य राष्ट्रांनी आजवर साडेपाच कोटींहून अधिक सुरुंग साठ्यातून काढून नष्ट केले आहेत. या शस्त्राचा खुला व्यापार जवळजवळ थांबला. भारतासारख्या बाहेरच्या राष्ट्रालाही आपल्या भूमिकेचे स्पष्टीकरण द्यावेसे वाटते, 'ध्येय मान्य आहे' असे म्हणावेसे वाटते. 1990 च्या आधी कोणत्याही सेनापतीला भूसुरुंगांबद्दल असे स्पष्टीकरण द्यावे लागत नव्हते. लाज हे आंतरराष्ट्रीय राजकारणातले दुर्बल शस्त्र आहे, पण ते शस्त्र आहे. पाच राष्ट्रांच्या जाण्याने नुकसान झाले ते हेच: सुरुंग वापरण्यातली लाज कमी झाली. 2023 या एका वर्षात सुरुंगांनी व युद्धातील न फुटलेल्या स्फोटकांनी किमान 5,757 माणसे मारली किंवा जायबंदी केली. ज्यांची ओळख पटली त्यांतील 84 टक्के सामान्य नागरिक होते. सर्वाधिक बळी म्यानमारमध्ये गेले. तो आपला शेजारी देश आणि तोही कराराबाहेर.

दुसरा एक शेजारी मात्र उलट दिशेने चालला. श्रीलंकेने आपल्या दीर्घ यादवी युद्धात सुरुंग पेरले, तामिळ बंडखोरांनीही पेरले. मन्नार जिल्ह्यात, जेथे मढू मातेचे तीर्थक्षेत्र आहे व जेथे जानेवारी 2015 मध्ये पोप फ्रान्सिस येऊन गेले, तेथील जमीन या सुरुंगांनी भरलेली होती. युद्ध 2009 मध्ये संपले आणि डिसेंबर 2017 मध्ये श्रीलंका ओटावा करारात दाखल झाली. शत्रू उरला नाही म्हणून सही केली, असे निंदक म्हणतील. ते खोटेही नाही. पण शत्रू संपल्यावरही सही न करणारी राष्ट्रे आहेतच. आणि श्रीलंकेतले हे सुरुंग काढायला कोण गेले? इतर पथकांबरोबर भारतीय सैन्यातील निवृत्तांची पथकेही, आणि तीही भारत सरकारच्या खर्चाने. दुसऱ्याच्या अंगणातले सुरुंग काढायला पैसे देणारा देश स्वतःच्या अंगणातले ठेवण्याचा हक्क राखून आहे, ही विसंगती आम्हांस बोचते. अहिंसेचा वारसा आपण जगापुढे मिरवतो म्हणून ती अधिक बोचते.

आमच्या त्या निवृत्त मित्रांना आम्ही हे सांगितले. त्यांनाही ठाऊक होते. त्यांचा एक जुना सोबती अशाच पथकातून श्रीलंकेत जाऊन आला होता. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "सही करायचीच असेल तर दोघांनी एकाच दिवशी करावी, फादर. आपण आणि पाकिस्तान. एकाने नाही."

अशक्य वाटते. परंतु 1996 च्या त्या जिनिव्हा नियमांना दोघांनीही 1999 मध्ये, म्हणजे कारगिलच्याच वर्षी, संमती दिली होती. पाकिस्तानने मार्चमध्ये, युद्धापूर्वी. आणि भारताने सप्टेंबरमध्ये, युद्ध संपून दोन महिने झाले नव्हते तेव्हा.